केसातला गुरुवार

सकाळचा उजेड त्या खोलीत सरळ कधीच येत नसे. आधी तो समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या काळ्या टाकीवर पडे, तिथून घसरून शेजारच्या पत्र्यावर उतरे, आणि बराचसा रंग वाटेत सांडून, अंग चोरत, स्वयंपाकघराच्या जाळीतून आत शिरे. पहिल्यांदा मांडणीवरच्या सर्वांत उंच डब्याच्या झाकणावर एक राखाडी कोर उमटे. मग ती कोर जाड होई, डब्याला पोट येई, डब्याशेजारचा दुसरा डबा दिसू लागे, आणि काही वेळाने घरातल्या एकुलत्या एका पितळी तांब्याला आपण पितळेचे आहोत याची आठवण होई. नळाच्या तोंडाशी लोंबकळत राहिलेला थेंब उजळे आणि पडे. त्याच्या जागी नवा थेंब धरू लागे. उजेड स्वतः काहीच करीत नसे. रात्रीने नेलेल्या वस्तू तो एकेक करून त्यांच्या जागी परत आणून ठेवी: भिंतीवरचा खिळा, खिळ्यावरची पिशवी, पिशवीच्या बंदांवरची सुरकुती, आणि सगळ्यांत शेवटी, जमिनीवरच्या गादीवर भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या स्वप्नालीचा खांदा.

तुषार कणसे हे सगळे पडल्या पडल्या पाहत असे. पाच चाळीसला त्याचे डोळे उघडत. गजर पाच पन्नासला लावलेला असे; पण अकरा वर्षांत तो वाजण्याची वेळ क्वचितच आली होती. सातची पहिली पाळी त्याच्या अंगात अशी मुरली होती की झोपेतही कुणीतरी आतून दार ठोठावी.

कंपनी बंद होऊन चार महिने झाले होते. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतली ती कंपनी पेट्रोल गाड्यांचे गिअर बनवी. पेट्रोल गाड्याच बनेनाशा झाल्यावर गिअर कुणाला हवे होते? एका सकाळी गेटवर नोटीस लागली. तुषार गिअरच्या दात्यांना ग्राइंडिंग मशीनवर शेवटचा हात देत असे; केसाच्या विसाव्या हिश्शाइतकी चूक त्याच्या बोटांना कळे. कुणी विचारले तर तो म्हणे, "सध्या बंद आहे." नोकरी गेली, असे तो कधीच म्हणत नसे.

तो उठला, दाढी केली, कंपनीचा निळा शर्ट घातला आणि गेटवर गेला.

*

गेटवर जाण्यामागे कारण होते. युनियनच्या वकिलांनी पहिल्याच दिवशी बजावले होते: रोज पाळीच्या वेळेला गेटवर हजर राहा, वहीत सही करा. हजेरी तुटली तर कंपनी कोर्टात म्हणेल, कामगारच काम सोडून गेले. म्हणून दोनशे रेघी पानांची एक वही आणली गेली आणि ती जालिंदर शेवाळ्यांच्या ताब्यात दिली गेली. शेवाळे गिअरचे दाते कापणाऱ्या हॉबिंग मशीनवर तीस वर्षे काढलेले, निवृत्तीला दोन वर्षे उरलेले गृहस्थ. सगळे त्यांना अण्णा म्हणत. सुरुवातीला गेटवर दीडशे माणसे येत. आता सात येत.

"सहा त्रेपन्न," अण्णा घड्याळ पाहत म्हणाले. "कणसे, तू कधी उशिरा येणार रे? तुझ्यामुळं बाकीच्यांना लाज वाटती."

"उद्या येतो उशिरा."

"उद्या गुरुवार. उद्या कोण येतंय?"

वसाहतीची आठवड्याची सुट्टी गुरुवारी असे. वीज वाटून घेण्यासाठी कधीकाळी ठरलेली ती सुट्टी बंद गेटवरही पाळली जाई. कंपनी नव्हती, वीज नव्हती, पाळी नव्हती. तरी गुरुवारी वही अण्णांच्या घरीच राही आणि तुषार गादीवर आठ वाजेपर्यंत लोळत पडे. त्यात गंमत आहे असे कुणालाच वाटले नव्हते.

*

"तुम्ही नोकरी करता," मुलाणी मॅडम म्हणाल्या.

रोजगार भवनातली ती बारावी खिडकी होती. फरीदा मुलाणी पन्नाशीच्या, चष्म्याला साखळी लावलेल्या, आवाज न चढवणाऱ्या बाई होत्या. त्यांच्यासमोरच्या पडद्यावर एक आलेख होता: डोंगर, डोंगर, डोंगर, डोंगर, डोंगर, डोंगर, आणि मग एक दरी. पुन्हा सहा डोंगर, पुन्हा दरी. तेरा वेळा.

"नाही मॅडम. कंपनी सध्या बंद आहे."

"मी नाही म्हणत. तुमचा केस म्हणतोय."

बेरोजगार निर्वाह भत्ता सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षी लक्षात आले की भत्ता घेणाऱ्यांतले पुष्कळजण कुठेतरी चोरून कामाला जातात. कागद खोटे करता येतात, शेजारी खोटे बोलतात. मग केसाची साक्ष काढण्यात आली.

तिच्यामागचे शास्त्र साधे होते. माणूस जागा होण्याच्या सुमारास शरीर एक संप्रेरक रक्तात सोडते. पुढच्या दिवसाला तोंड देण्यासाठी जणू ते कंबर कसते. ज्या दिवशी काम असते त्या दिवशी हा लोट मोठा असतो, सुट्टीच्या दिवशी लहान. शरीराला वार कळतो. हे जुनेच ज्ञान होते. नवे एवढेच, की रक्तातले ते संप्रेरक वाढत्या केसात साठत जाते, आणि केस दिवसाला एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो. लेसरने त्याचे पुरेसे पातळ काप काढता आले, तर प्रत्येक कापात दिवसाचे काही तास सापडतात. झाडाच्या खोडात वर्षे सापडावीत तसे. तीन सेंटिमीटर केस म्हणजे नव्वद सकाळी. माणूस केव्हा उठला, कशासाठी उठला, हे तो विसरला तरी केस विसरत नसे.

"गुरुवारची सुट्टी," मुलाणी मॅडमनी दरीवर बोट ठेवले. "भोसरीत काम करताय. सातची पाळी. कुठल्या वर्कशॉपात, तेवढं यंत्राला कळत नाही."

"मी फक्त गेटवर जातो. सही करायला."

"कसली सही?"

त्याने सांगितले. बोलताना त्याची नजर खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर होती. अनोळखी माणसाशी बोलताना ती नेहमी अशीच एखाद्या कडेला जाऊन बसे. ऐकून झाल्यावर बाईंनी चष्मा काढला.

"कणसे, तुम्ही वहीत सही करता म्हणजे काय लिहून देता? की माझी नोकरी शाबूत आहे, मी कामावर हजर आहे. आणि इथं येऊन म्हणता, मी बेरोजगार आहे. दोन्हींतलं एक खरं असणार ना?"

त्याने चौकटीच्या कडेवरून बोट फिरवले.

"घरात कोण आहे?"

"बायको. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे."

"भत्ता नाही मिळाला तर?"

"गावी जावं लागेल. कोरेगावला, भावाकडे. तिचं शिक्षण..." त्याने वाक्य तिथेच ठेवले.

मुलाणी मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "फेरअर्ज एकदाच करता येतो, नव्वद दिवसांनी. गेटवर जाणं बंद करा. अंगाला विसरू द्या. आणि टक्कल करून येऊ नका. वडील वारल्याचा दाखला लागतो. गेल्या महिन्यात एकाच माणसाचे वडील दोनदा वारले."

*

स्वप्नालीने अहवाल दोनदा वाचला. ती हसली नाही, पण तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले.

"अहो, म्हणजे झोपायचे पैसे मिळणार तुम्हाला. आणि तेही जमेना?"

"रोज उशिरा उठलो तरी लय बनतेच. ठरलेली वेळच नको, असं बाई म्हणाल्या."

नर्सिंग शिकणाऱ्या मुलीला हे समजायला वेळ लागला नाही. तिने जुन्या वहीचे कागद फाडून चिठ्ठ्या केल्या: चार, सहा, नऊ, साडेदहा, बारा. रोज जेवणे झाली की ती स्टीलच्या वाटीत चिठ्ठ्या हलवी आणि एक काढी. त्या वेळेला ती त्याला उठवी, कॉलेजात असली तर फोन करून; त्याआधी उठू देत नसे. सकाळी कॉलेजला निघताना जाळीला चादर बांधून जाई, म्हणजे उजेड आत येऊ नये.

अण्णांना सांगणे त्याला सर्वांत जड गेले. तो गेटवर गेला, सही केली, पेन परत दिले आणि मग म्हणाला, "अण्णा, तीन महिने येणार नाही."

अण्णांनी कारण ऐकून घेतले. गेटवरच्या बाकड्यावरून कुणीतरी ओरडले, "कणसे सरकारी झोपाळू झाला रे!" दोघेतिघे हसले. अण्णा हसले नाहीत.

"तीन महिन्यांत तुझी हजेरी तुटती. निकाल लागला आणि तुला आत घेतलं नाही तर?"

"स्वप्नालीचं शेवटचं वर्ष तेवढं..."

"तिचं शिक्षण बुडायला नको," अण्णा म्हणाले. त्यांनी वही मिटली आणि काखेत धरली. "जा. झोप काढ. इथलं मी बघतो."

तुषारला ते शब्द नुसते दिलाशाचे वाटले.

*

नव्वद दिवस म्हणजे काय, हे त्याला त्याआधी ठाऊक नव्हते. चादरीआडच्या खोलीत सकाळ आणि दुपार एकाच रंगाच्या होत्या. कधी चारला उठून तो अंधारात हात मांडीवर ठेवून बसे. कधी बाराला उठे आणि जिभेवर धातूची चव असे. पहिले तीन आठवडे पाच चाळीसला डोळे उघडतच राहिले. डोळे मिटून तो पडून राही आणि आतले ते दार ठोठावणे ऐके. पाहुण्याला दारातून परत पाठवावे तसे ते त्याला वाटे.

पाचव्या आठवड्यात ठोठावणे मंद झाले. आठव्यात थांबले. त्या दिवशी स्वप्नालीने त्याला साडेदहाला उठवले. तो उठला आणि आज वार कोणता, हे त्याला सांगता येईना.

"रविवार," ती म्हणाली.

"खरंच?"

"अहो, हेच तर हवं होतं ना?" तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. "वाढतायत छान. दोन सेंटिमीटर आपले झाले बघा."

तो हसला. पण भाजी चिरायला घेतल्यावर त्याच्या ध्यानात आले की फोडी लहानमोठ्या होत आहेत. काहीतरी त्याच्या बोटांतून निघून गेले होते, आणि ते कुठे गेले हे विचारायलाही त्याच्याजवळ कुणी नव्हते. त्याने फोडी भांड्यात ढकलल्या आणि पाणी ओतले.

संध्याकाळी स्वप्नाली पुस्तक मांडीवर घेऊन पाठ करीत बसे: नाडी, श्वास, तापमान. कधी ती त्याचेच मनगट धरून मोजे. "शहात्तर," ती म्हणे, "उत्तम पेशंट." शेवटच्या वर्षाची यादी लागणार होती. कॉलेजने तिला पंधरा दिवसांची मुदत दिली होती. भत्ता मंजूर झाल्याचे पत्र दाखवले की तिचे नाव यादीत राहणार होते. त्या खोलीत तेवढी एकच गोष्ट पुढे सरकत होती.

*

फेरअर्जाच्या दिवशी ती सुट्टी घेऊन त्याच्याबरोबर आली. बारावी खिडकी. मुलाणी मॅडमनी त्याचा केस घेतला. यंत्र वीस मिनिटे घुमत राहिले. पडद्यावर आलेख आला. सुरुवातीचे डोंगर लवकरच विरून गेले होते; पुढे डोंगर नव्हते, दऱ्या नव्हत्या. वाळवंटातली वाळू वाऱ्याने इकडेतिकडे ढकलावी तसे काहीतरी होते.

"छान," बाई म्हणाल्या, आणि खरोखर खूश दिसल्या. "कामाची लय आढळत नाही. किती कष्ट घेतलेत तुम्ही काहीच न करण्याचे!"

स्वप्नालीने त्याचे कोपर दाबले.

मुलाणी मॅडमनी पुढची कळ दाबली, आणि त्यांचा चेहरा बदलला. बराच वेळ त्या वाचत राहिल्या. मग त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला.

"कामगार न्यायालयात दाखल झालेले कागद आपोआप आमच्याकडे जुळवले जातात. गेल्या आठवड्यात तुमच्या युनियननं हजेरीच्या वहीची नक्कल दाखल केली. ही पानं बघा."

रेघी पाने होती. तारखा होत्या. आणि प्रत्येक तारखेपुढे त्याची सही होती.

नक्कल दाखल होईपर्यंत एकही कामाचा दिवस चुकलेला नव्हता. फक्त गुरुवार कोरे होते. सही त्याच्यासारखी होती, पण पेन कागदात रुतलेले होते, आणि अक्षरांवरची रेघ मागाहून, पट्टीने ओढावी तशी सरळ ओढलेली होती. मशीनवरच्या कामाची नोंद करायच्या जॉब-कार्डावर तीस वर्षे अशीच रेघ ओढणारा एकच माणूस त्याला माहीत होता. इथलं मी बघतो, असे त्या माणसाने म्हटले होते.

"ही सही तुमची आहे?" मुलाणी मॅडमनी विचारले. त्यांचा आवाज आता कामाचा होता. खिडकीवरचा लाल दिवा लागला होता आणि उत्तर नोंदवले जात होते. "नीट ऐका. नाही म्हणालात तर भत्ता आजच मंजूर. पण मग ही सही बनावट ठरेल. न्यायालयाला तसं कळवावं लागेल. ज्यानं केली त्याच्यावर खटला होईल, आणि ही वही पुराव्यातून बाद होईल. सगळ्यांचीच. हो म्हणालात, तर तुम्ही कामावर हजेरी लावत असताना अर्ज केलात असं धरलं जाईल. प्रकरण कायमचं बंद."

"त्यांची नाहीये ती," स्वप्नाली म्हणाली. "मॅडम, नव्वद दिवस हे घरातच होते. मी चिठ्ठ्या काढत होते. केसात दिसतंय ना!"

"ताई, उत्तर अर्जदारानंच द्यायचं असतं."

तुषार खिडकीच्या कडेकडे पाहत होता. त्याला अण्णा दिसत होते: सकाळी सहा त्रेपन्नला, बाकड्यावर वही मांडून, आधी स्वतःची सही करणारे, मग इकडेतिकडे पाहून, जीभ दातांत धरून, दुसऱ्याची सही सावकाश गिरवणारे. अकरा वर्षांत या माणसाने कधी खोटे मोजमाप लिहिले नव्हते. एक मायक्रॉन जास्त असला तरी तुकडा बाजूला काढून ठेवणारा माणूस तो.

"कणसे?"

"माझीच आहे," तो म्हणाला.

लाल दिवा विझला.

*

बाहेरच्या पायऱ्यांवर स्वप्नाली थांबली. लोक दोन्ही बाजूंनी जात-येत होते.

"सही तुमची नाही."

"नाही."

"अण्णांची आहे."

त्याने मान हलवली.

"मग माझ्याकडे बघून तरी बोलायचं." तिचा आवाज चढला नाही, रडवेलाही झाला नाही. रुग्णाच्या नातेवाइकाला सांगायचे असते तसा तो सपाट होता. "एक केस लागली कोर्टात, ती कधी संपेल कुणाला माहीत नाही. माझ्या वर्षाची मुदत परवा संपतेय. तुम्हाला दोन्ही माहीत होतं. तुम्ही कशाला निवडलंत, ते मला सांगा. मी ऐकते."

त्याला खरोखर सांगायचे होते. पण तोंडाशी आलेले प्रत्येक वाक्य आधीच कुणीतरी दुसऱ्याने वापरून टाकल्यासारखे वाटत होते.

"बरं," ती म्हणाली. "मी कॉलेजला जाते. लायब्ररीची पुस्तकं द्यायची आहेत."

तिने पर्स खांद्यावर नीट केली आणि बसथांब्याकडे चालू लागली. तिने मागे वळून पाहिले असते तर बरे झाले असते, असे त्याला वाटले, आणि लगेच वाटले की नसते झाले.

*

गेटवर दुपारी अण्णा एकटेच होते. बाकड्यावर डबा उघडा होता. तुषारला पाहताच त्यांनी भाकरीचा अर्धा तुकडा पुढे केला.

"ये. मिळाला भत्ता?"

"नाही."

"का रे?"

"केसात काहीतरी सापडलं."

"जाऊ दे तेल लावत." अण्णांचा चेहरा क्षणभर उतरला, मग उजळला. ते थोडे पुढे झुकले. "एक सांगू? रागवायचं नाही. तुझी हजेरी मी तुटू दिली नाही. एक दिवस नाही. वकील म्हणतात, इतकी सलग वही त्यांनी बघितली नाही आजवर. दिवाळीपर्यंत निकाल."

"अण्णा..."

"आभार नको मानूस. बरोबर काम केलंय आपण." त्यांनी बोटे चाटली आणि गेटच्या पत्र्याकडे पाहिले. पत्र्यापलीकडे शेडचे छप्पर तेवढे दिसत होते. "गेट उघडलं की पहिलं काम मशिनींना ग्रीस मारायचं. सात महिने उभ्या आहेत बिचाऱ्या. माझ्या हॉबिंगला तर गंज धरला असंल. तुझी ग्राइंडिंग बरी राहील, तिला तू जीव लावला होतास."

तुषारने भाकरीचा तुकडा हातात धरला होता. तो खावा की ठेवावा हे त्याला कळेना.

"काय झालं? बोल की."

"काही नाही. पेन द्या."

अण्णांनी वही उघडून दिली. त्याने तारीख लिहिली, वेळ लिहिली. बोटे सैल झाली होती. सही वाकडी आली, अण्णांनी केलेल्या सह्यांपेक्षाही परकी. अण्णांनी ती पाहिली आणि समाधानाने वही मिटली.

नोटीस लागल्यानंतर चौथ्या दिवशी मॅनेजरांनी चौघांना फोन करून मागच्या दाराने आत बोलावले होते, आणि त्या चौघांत तुषार होता. मशिनी देखभालीसाठी न्यायच्या आहेत, असे त्यांना सांगण्यात आले. त्याने विचारले नाही. पायाचे बोल्ट त्याने स्वतःच्या पान्याने सोडवले, आधी आपल्या मशीनचे आणि मग अण्णांच्या. दोन दिवसांत ट्रेलर भरून गेले.

त्या शेडमध्ये सात महिन्यांपासून एकही मशीन नव्हती.